ईएसआर वाढला म्हणजे ल्युपस वाढला का?

प्रश्न : पत्नीला (वय ४६) ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे. सध्या सांधे दुखत नाहीत, पुरळ नाही, लघवीचा रिपोर्टही चांगला आहे. तरी ईएसआर ५२ आला; सीआरपी (दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) मात्र ३. स्टिरॉइडचा डोस वाढवावा लागेल का?

उत्तर : नुसत्या ईएसआरवरून डोस वाढवत नाहीत. उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात, एवढंच ही तपासणी मोजते. रक्तात फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) आणि इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडं) जास्त असले की पेशी एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली बसतात. ल्युपसमध्ये आजार शांत असतानाही इम्युनोग्लोब्युलिन चढे राहू शकतात. त्यात हिमोग्लोबिन कमी असेल, लघवीतून प्रथिनं जात असतील, वजन जास्त असेल किंवा गर्भारपण असेल, तरी आकडा वर जातो. वयानेही वाढतो : स्त्रियांसाठी ढोबळ वरची मर्यादा म्हणजे वयात १० मिळवून येणाऱ्या बेरजेची निम्मी, इथे २८.

म्हणून ५२ची तुलना लॅबच्या छापील मर्यादेशी करण्यापेक्षा पत्नीच्याच जुन्या रिपोर्टांशी करा. बरं वाटत असतानाही ईएसआर ४५-५०च असायचा, तर यात नवीन काही नाही. एरवी २० असायचा आणि आता ५२ झाला, तर कारण शोधायला हवं. आधी हिमोग्लोबिन पाहा. आजाराची तीव्रता मोजणाऱ्या स्लेडाय गुणपत्रिकेत ईएसआर आणि सीआरपी दोन्ही धरलेले नाहीत. तिथे गुण आहेत ते लक्षणांना, लघवीतल्या दोषांना, घटलेल्या पांढऱ्या पेशी व प्लेटलेटना, घटलेल्या सी३-सी४ला (आजार उसळला की खर्ची पडणारी रक्तातली प्रथिनं) आणि वाढलेल्या अँटी-डीएस-डीएनएला (डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं). डॉक्टरांशी बोलताना हे रिपोर्ट समोर ठेवा.

प्रश्न : बहिणीला ल्युपस आहे, मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू आहे. दोन दिवस ताप आहे, सीआरपी ९६. आजार उसळला असेल का?

उत्तर : उसळला असेलही, पण आधी जंतुसंसर्ग नाही याची खात्री करा, आणि तीही आजच. सीआरपी यकृतात तयार होतं. ल्युपसमध्ये इंटरफेरॉनचा (प्रतिकारशक्तीच्या संदेशवाहक प्रथिनांचा) जोर असतो आणि तो हे उत्पादन दाबतो, त्यामुळे आजार चांगलाच उसळला तरी सीआरपी अनेकदा साधारण किंवा थोडंसंच वाढलेलं दिसतं. जंतुसंसर्गात ते झपाट्याने चढतं. ५०-६०च्या वर गेलं की संशय संसर्गाकडे जातो. याला मोठा अपवाद म्हणजे फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणाचा दाह. सांधे फार सुजले असतील तरीही ते वाढू शकतं. खोल श्वास घेताना छातीत टोचतं का, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्त आणि लघवी कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) गेलेली बरी. नंतर जंतू सापडणं कठीण होतं. तब्येत ढासळत असेल तर मात्र औषधाला उशीर नको. सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), छातीचा एक्स-रे, सी३-सी४. पांढऱ्या पेशी घटल्या तर कल ल्युपसकडे आणि वाढल्या तर संसर्गाकडे असतो, पण स्टिरॉइडनेही त्या वाढतात. प्रोकॅल्सिटोनिन वाढलेलं असेल तर जिवाणूसंसर्गाची शक्यता बळावते.

रिपोर्टवरचं एककही पाहा. काही लॅब सीआरपी लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात, काही डेसिलिटरमागे, तिथलं ९.६ म्हणजेच इथलं ९६. तापाच्या पहिल्या ६-८ तासांत ते साधारण आलं तर निर्धास्त राहू नका, चढायला तेवढा वेळ लागतो. आणि स्टिरॉइड मनाने वाढवू नका, तसंच एकदम बंदही करू नका. रोज घेणाऱ्याच्या शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल (नैसर्गिक स्टिरॉइड) दबलेलं असतं. तापात गोळी चुकली तर रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो.

प्रश्न : आजार शांत आहे. दर महिन्याला ईएसआर, सीआरपी आणि एएनए (पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) करतो. एवढं पुरेसं आहे ना?

उत्तर : यात सगळ्यात मोलाची तपासणीच राहिली आहे, लघवीची. मूत्रपिंडाचा दाह वेदना न देता सुरू होतो आणि त्या वेळी ईएसआर-सीआरपी साधारण असू शकतात. दर ३ ते ६ महिन्यांनी सीबीसी, क्रिएटिनिन, लघवी, सी३-सी४ आणि अँटी-डीएस-डीएनए करा. लघवीचा नमुना सकाळचा पहिला द्या. पाळीच्या दिवसांत देऊ नका, रक्त मिसळून गोंधळ होतो. प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो ०.५ (म्हणजे ग्रॅममागे ५०० मिलिग्रॅम) ओलांडला आणि पुन्हा तपासल्यावरही तसाच राहिला, तर मूत्रपिंडाच्या बायोप्सीचा (छोटा तुकडा काढून तपासण्याचा) विचार होतो. एएनए निदानापुरता असतो, आजार शांत आहे की पेटला आहे हे तो सांगत नाही. तो खर्च वाचवा.