वाचकांचे प्रश्न : शहापूरचे जुने कागद, मलप्रभेची वाट आणि कमलबस्ती

प्रश्न : आमचे घर शहापुरात आहे. पणजोबांच्या वेळचे खरेदीखत शोधतो आहोत, पण बेळगावच्या जुन्या नोंदींत आमच्या गल्लीचा पत्ताच नाही. असे कसे?

उत्तर : शहापूर म्हणजे बेळगावचे उपनगर, ही समजूत अलीकडची. १८१८ मध्ये बेळगाव इंग्रजांकडे गेले, शहापूर मात्र सांगलीच्या पटवर्धनांकडे राहिले. ८ मार्च १९४८ ला दक्षिणेतली संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, तोवर कपिलेश्वर मंदिर ओलांडले की राज्य बदलत असे. खडेबाजार तर दोन्हीकडे आहे! कागदावर नुसते ‘खडेबाजार’ असेल तर आधी स्टॅम्प पेपर पाहा. सांगली संस्थानचा शिक्का असला तर तो बहुधा शहापूरचाच.

शोध आजपासून मागे न्यावा. सिटी सर्व्हे ऑफिसात सीटीएस नंबर (सिटी सर्व्हेतला घराचा क्रमांक) देऊन प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढा. त्यावर फेरफाराची नोंद असते, दस्ताचा नंबर आणि साल मिळाले तर पुढे सब-रजिस्ट्रारकडे जाता येते. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, त्यानंतरचे कागद हळूहळू कन्नडात झाले. त्याआधीचे मराठीत, आणि फार जुने असतील तर मोडीत.

खरी गफलत होते ती नावांत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्दही तोडून लिहीत नाहीत. तेच आडनाव मोडीतून बाळबोधीत (देवनागरीत) आणि तिथून कन्नडात उतरताना कारकुनागणिक बदलते. म्हणून आडनावावर अडून बसू नका, चतुःसीमा जुळवा : पूर्वेला कोणाचे घर, दक्षिणेला बोळ की विहीर. घराची वाटणी झाली तरी बोळ आणि विहीर सहसा जागची हलत नाही. तारीख शकात असेल तर ७८ मिळवून इसवी सन काढतात, पण जानेवारी ते फाल्गुन या काळातल्या दस्ताला ७९ मिळवावे लागतात. माघातला दस्त एक वर्ष आधीच्या रजिस्टरात शोधत बसणारे पुष्कळ. शके १८५२ च्या माघातला दस्त १९३१ मध्ये सापडेल. मोडी वाचून घ्यायची तर लिप्यंतर सहीनिशी घ्या, नुसता तोंडी अर्थ कचेरीत चालत नाही.

प्रश्न : कणकुंबीपासून गोव्याची हद्द इतकी जवळ, मग मलप्रभा उलटी पूर्वेला का जाते?

उत्तर : पठाराचा उतार पूर्वेकडे आहे म्हणून. कणकुंबीला उगम पावून ती खानापुरावरून सौंदत्तीच्या नविलुतीर्थ धरणात आणि पुढे कूडलसंगमाला कृष्णेत जाते. त्याच खानापूर तालुक्यातली म्हादई मात्र कड्याच्या पश्चिमेला उतरते आणि गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. पावसाचेही तसेच : ढग घाटमाथ्यावरच रिकामे होतात. कणकुंबीत धुवाधार, बेळगावात बेताचा, आणि त्याच जिल्ह्यातल्या अथणीला पर्जन्यछायेमुळे कोरड.

प्रश्न : बेळगावच्या किल्ल्यातल्या कमलबस्तीत नेमके काय पाहावे?

उत्तर : छत. सौंदत्तीहून राजधानी वेणुग्रामला, म्हणजे बेळगावला आणणाऱ्या रट्ट राजघराण्याच्या काळातली ही बस्ती, म्हणजे जैन मंदिर. चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज याने ती १२०४ मध्ये बांधली. मंडपाच्या मधोमध उभे राहून वर पाहा : दगडी कमळ छतातून खाली लोंबते. त्याच्या ७२ पाकळ्या भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांतल्या चोवीस-चोवीस तीर्थंकरांसाठी. गाभाऱ्यात काळ्या दगडाचे नेमिनाथ आहेत. बहुतेक लोक दर्शन घेऊन परततात आणि खांब पाहायचे राहून जातात. खांबांचे गोल कंगोरे आणि चकाकी हात न लावता जवळून पाहा. आत उजेड कमी असतो, तेव्हा सकाळी ऊन चढल्यावर जा. किल्ल्याचा बराच भाग लष्कराकडे आहे, फोटो काढण्याआधी विचारून घ्या.