पाल्मिराच्या थडग्यांतील सारखे चेहरे

प्रश्न : सीरियातील पाल्मिरा येथील रोमनकालीन थडग्यांमधल्या अर्धपुतळ्यांची छायाचित्रे पाहिली. टपोरे डोळे, सरळ नाक, मिटलेली जिवणी सगळीकडे जवळपास सारखीच आहे. ही खरोखर त्या त्या मृत व्यक्तींची व्यक्तिशिल्पे मानावीत काय?

उत्तर : अवश्य मानावीत, मात्र चेहरा हुबेहूब उतरला असेल ही अपेक्षा सोडून द्यावी लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून ते सम्राट ऑरेलियनच्या सैन्याने सन 273 च्या सुमारास शहराचा बीमोड करेपर्यंत, पाल्मिरातील सधन घराणी आपले मृत उंच मनोऱ्यांत किंवा भूमिगत दालनांत ठेवीत. भिंतीत खोल खण असत आणि प्रेत आत सरकवल्यावर खणाचे तोंड ज्या चुनखडीच्या फरशीने बंद करीत, तिच्यावरच हा अर्धपुतळा कोरलेला असे. सन 103 मध्ये बांधलेला एलाहबेलचा मनोरा हा या पद्धतीचा नामांकित नमुना होता. 2015 मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने तो स्फोटकांनी उडवला.

शिल्पकार ठरावीक साच्यातला चेहरा घडवी आणि मृताची ओळख इतर खुणांवर सोपवी. दाढी नसलेला, सपाट माथ्याची उंच गोल टोपी घातलेला पुरुष दिसला, की तो पुरोहित समजावा. सुरुवातीच्या काळातील स्त्रियांच्या हाती बहुधा टकळी आणि लोकर गुंडाळलेली काठी असते. पुढे ती साधने मागे पडतात आणि दागिने वाढत जातात. कोपनहेगनच्या न्यू कार्ल्सबर्ग ग्लिप्टोटेक संग्रहालयातील ‘पाल्मिराची सुंदरी’ तर दागिन्यांनी मढलेली आहे आणि तिच्यावर मूळ रंगाचे अंशही टिकून आहेत. आज पांढुरके दिसणारे हे दगड एकेकाळी रंगवलेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचा कोरडेपणा बराच कमी होतो.

माझ्या मते निर्णायक खूण म्हणजे डोक्याशेजारी अरामी या तिथल्या भाषेत कोरलेला मजकूर. त्यात मृताचे नाव, बापाचे नाव, पुष्कळदा आज्याचेही नाव आणि एखादा शोकोद्गार असतो. एकाच घराण्याच्या दालनात अशा फरशा ओळीने बसवलेल्या असल्यामुळे, कोण कोणाचा मुलगा आणि कोण कोणाची पत्नी हे तेथे येणाऱ्याला वाचता येई. पुढे मात्र कित्येक शिरे फरशीपासून तुटून संग्रहालयांत पोहोचली, आणि मजकूर सुटल्यामुळे ती शिल्पे कोणाची, हे सांगण्याचा मुख्य आधारच गेला.