आधी आकड्यांचे रकाने

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. गावच्या वाचनालयाच्या जुन्या, हाताने लिहिलेल्या दाखल नोंदवह्या संगणकाकडून वाचून घ्यायच्या आहेत आणि त्यासाठी अक्षरे ओळखणारे फुकट मिळणारे न्यूरल नेटवर्क (उदाहरणे दाखवून शिकवायचा प्रोग्राम) कोणते घ्यावे, असे तू विचारले आहेस. काम मोलाचे आहे. पुस्तक गहाळ होते, वाळवी लागते, कुणी नेलेले परत येत नाही. पण ते कधी आले, कितीला घेतले, कुणी देणगी दिली, हे त्या वहीत राहते. म्हणून हे काम तू अर्ध्यावर सोडू नयेस असे मला मनापासून वाटते, आणि पत्रही त्यासाठीच सविस्तर लिहितो आहे.

सॉफ्टवेअरचा प्रश्न आधी उरकून टाकू. प्रोग्राम लिहायला पायथॉन, चित्रांसाठी ओपनसीव्ही आणि नेटवर्कसाठी पायटॉर्च. तिन्ही मोफत आहेत, तिन्हींचा सोर्स कोड उघडा आहे. पायटॉर्चऐवजी टेन्सरफ्लो येत असेल तर तेही चालेल, ते २०१५ पासून सर्वांना खुले आहे. टेसरॅक्ट या अक्षरे वाचणाऱ्या तयार सॉफ्टवेअरच्या मागे मात्र लागू नकोस. ते एचपीने बनवले, २००५ मध्ये खुले केले, २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून त्यातही न्यूरल नेटवर्क आले आणि मराठीसाठी त्याची फाइल मिळतेही. पण ते छापील मजकुरासाठी घडवलेले आहे. हस्ताक्षरावर चालवून त्याच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही.

सुरुवातीला फार मोठे नेटवर्कही नको. १९९८ मध्ये यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले लेनेट-५ अजूनही शिकायला उत्तम आहे. त्याला ३२ बाय ३२ पिक्सेलचे चित्र लागते. पहिल्या लेयरमध्ये, म्हणजे थरात, ५ बाय ५ च्या सहा खिडक्या चित्रभर फिरतात. प्रत्येकीची २५ वजने (पिक्सेलला गुणायचे आकडे) आणि एक बायस (शेवटी मिळवायचा आकडा), म्हणजे सगळ्या मिळून फक्त १५६ आकडे शिकायचे. तेच १०२४ पिक्सेल थेट १२० न्यूरॉनना (नेटवर्कच्या गणिती घटकांना) जोडले असते, तर त्या एका लेयरलाच १,२२,८८० वजने लागली असती. अक्षराची गाठ चित्रात थोडी वर आली काय, खाली गेली काय, फिरती खिडकी तिला पकडते. हा हिशेब एकदा कागदावर स्वतः मांडून बघ. ४६ वर्गांसाठी, म्हणजे ओळखायच्या ४६ चिन्हांसाठी, सगळी बेरीज साधारण पासष्ट हजारांवर जाते, आणि एवढे नेटवर्क तुझ्या साध्या लॅपटॉपवरही शिकेल.

ट्रेनिंग सुरू केलेस की पहिला लॉस, म्हणजे नेटवर्कच्या चुकीचे माप, बघ. ४६ वर्गांतून नेटवर्क नुसता अंदाज करत असेल तर तो ३.८३ च्या आसपास असायला हवा, कारण ४६ चा नैसर्गिक लॉगॅरिदम तेवढा आहे. दहा आकड्यांसाठी २.३०. सुरुवातच भलतीकडे असेल तर कोडमध्ये गडबड आहे. तिथेच अडकून बसला तर नेटवर्क काहीच शिकत नाही.

आता खरा मुद्दा. नेटवर्क फुकट मिळते, पण तुला हवी ती अक्षरे त्याने पाहिलेली असतातच असे नाही. ४६ वर्ग म्हणालो ते देवनागरीच्या बऱ्याच वापरात असलेल्या एका खुल्या डेटासेटचे, म्हणजे नमुना-चित्रांच्या संग्रहाचे. तो नेपाळमधला आहे. शैलेश आचार्य, अशोककुमार पंत आणि प्रश्न ग्यावली यांनी २०१५ मध्ये तो मांडला. एकूण ९२ हजार चित्रे, प्रत्येक वर्गाची दोन हजार. ३६ व्यंजने आणि दहा आकडे. त्यांच्या नेटवर्कने ९८.४७ टक्क्यांपर्यंत अचूकता गाठली. त्या लोकांचे उपकार मानावेत असे हे काम आहे, कारण असा संग्रह जमवणे किती जिकिरीचे असते ते तुला लवकरच कळेल.

पण तो उघडून बघ. त्यात एकही स्वर नाही. त्यात ळ नाही, कारण नेपाळीला तो लागत नाही. आपला ल आणि आपला श वेगळ्या वळणाचे आहेत. झ, ५ आणि ८ यांचीही नेपाळी वळणे वेगळी. म्हणजे हा डेटासेट शिकलेले नेटवर्क तुझ्या वहीतल्या 'टिळक' या शब्दापाशी आले की चुकणारच. ळ हे उत्तर त्याच्या यादीतच नाही, त्यामुळे ते दुसरे कुठले तरी अक्षर पुढे करील आणि तेही मोठ्या खात्रीने. हे चित्र आपल्याला ओळखता येत नाही, असे ते आपणहून सांगत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, हिच्यात बरीच मुले अडकतात. त्या डेटासेटचे फोल्डर 'कॅरेक्टर, अंक, नाव' अशा पद्धतीने नाव दिलेले आहेत. पायटॉर्च फोल्डरांची नावे वर्णक्रमाने लावते, संख्येच्या क्रमाने नाही. त्यामुळे दहाव्या क्रमांकाचा फोल्डर पहिल्याच्या आधी येतो, आणि शून्य या लेबलला (प्रोग्रामने वर्गाला दिलेल्या क्रमांकाला) क नसून ञ असतो. हे लक्षात आले नाही तर ट्रेनिंग उत्तम होते, अचूकता छान दिसते, आणि प्रोग्रामने वाचून दिलेला मजकूर मात्र अगम्य असतो. लेबल आणि अक्षर यांचा तक्ता प्रोग्रामकडूनच काढून घे, मनाने लिहू नकोस.

म्हणून माझे म्हणणे असे की पुस्तकांच्या नावांना आत्ता हात लावू नकोस. आधी दाखल क्रमांक आणि किंमत हे दोनच रकाने घे. यामागे हिशेब आहे. एका चिन्हाला ९८.४७ टक्के अचूकता धरली, तरी चार आकडी क्रमांक पूर्ण बरोबर येण्याची शक्यता ९४ टक्क्यांवर येते. वीस अक्षरांच्या नावाला ती ७३ वर घसरते, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे मी अजून धरलेलीच नाहीत. क्रमांकाच्या रकान्यात तुझ्या मदतीला वही स्वतः आहे. १२४७ नंतर १२४८ येतो. मध्येच १२९८ वाचले गेले तर चूक कुठे आहे ते लगेच दिसते. पानाच्या तळाशी किमतींची बेरीज लिहिलेली असेल तर तीही पडताळ्याला घे. नावांच्या रकान्यात अशी सोय नाही.

मात्र सुरुवातीलाच पाने चाळून एक पाहून घे: आकडे मराठी आहेत की इंग्रजी, की लिहिणारा बदलला तसे बदललेत. मराठी एक आणि इंग्रजी नऊ हाताने लिहिले की जवळजवळ सारखेच दिसतात. मराठी चार वरून जरा मिटला की इंग्रजी आठ होतो. एकाच नेटवर्कला दोन्ही शिकवून 'तूच ठरव' म्हणण्यापेक्षा, कुठल्या पानावर कुठली लिपी आहे ते तू हाताने नोंदवून ठेव. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत भट्टाचार्य आणि चौधुरी यांनी भारतीय लिप्यांमधल्या अशा मिसळलेल्या आकड्यांवर काम केले आहे. २००९ चा त्यांचा शोधनिबंध सवडीने वाच.

डेटा वाढवण्यासाठी चित्रे थोडी फिरवणे, सरकवणे, जाड-बारीक करणे योग्यच आहे. पण इंटरनेटवरून उचललेल्या कोडमध्ये चित्राची डावी-उजवी बाजू उलटवणारी एक ओळ हमखास असते. मांजरांच्या फोटोंना ती चालते. आपल्याकडे छत्तीसचा आकडा म्हणतात तो उगाच नाही, तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. तीन आडवा उलटवलास की सहा झाला, आणि लेबल मात्र तीनच राहिले. ती ओळ काढून टाक. आठ-दहा अंशांपर्यंत फिरवणे पुरे.

आता चौकटी कापण्याविषयी. माझ्या मते इथे जितका वेळ द्यावा तितका थोडाच. एमनिस्ट हा हस्तलिखित आकड्यांचा अमेरिकेतला प्रसिद्ध संग्रह, ६० हजार चित्रे शिकायला आणि १० हजार तपासायला. त्यातला प्रत्येक आकडा आधी २० बाय २० मध्ये बसवला, मग त्याचा वस्तुमानमध्य २८ बाय २८ च्या चौकटीच्या मध्याशी आणला. आकडा पांढरा, पार्श्वभूमी काळी. नेपाळच्या संग्रहातही अक्षर पांढरे आणि कडेने दोन पिक्सेलची मोकळी पट्टी आहे. तुझा फोटो मात्र पिवळट कागदावर निळ्या शाईचा, त्यात रकान्याची रेघ आकड्याला चिकटलेली आणि एका कोपऱ्यात तुझ्याच हाताची सावली. हे जसेच्या तसे नेटवर्कला दिलेस तर ९८ टक्केवाले नेटवर्कसुद्धा वाटेल ते सांगेल. तेव्हा आधी रंग उलट. सावली असेल तर सगळ्या पानाला एकच उंबरठा (काळे कुठे, पांढरे कुठे ते ठरवणारी सीमा) लावू नकोस, भागाभागाने ठरवणारा लाव. ओपनसीव्हीत तो तयार आहे. लांब उभ्या-आडव्या रेघा शोधून पुसून टाक, आणि मग आकडा कापून, लहान करून, मध्यावर आण. शेवटी तुझी शंभर चित्रे आणि डेटासेटमधली शंभर चित्रे एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी लाव. नुसत्या डोळ्यांना दोन गट वेगळे कळत असतील, तर नेटवर्कलाही ते वेगळेच आहेत.

तुझ्या स्वतःच्या वहीतले काही आकडे हाताने लेबल करावेच लागतील. ते ट्रेनिंग आणि टेस्टमध्ये वाटताना पत्त्यांसारखे पिसून वाटू नकोस. एकाच ग्रंथपालाचे हस्ताक्षर दोन्हीकडे आले तर अचूकता फुगते. एमनिस्ट करणाऱ्यांनी शिकायच्या संचातले लिहिणारे आणि तपासायच्या संचातले लिहिणारे मुद्दाम वेगळे ठेवले होते. तूही एका माणसाने लिहिलेली पाने पूर्ण बाजूला ठेव आणि फक्त शेवटी उघड.

आकडे जमले की अक्षरांकडे ये, आणि मग पहिले काम ळ जमवण्याचे. वाचनालयात येणाऱ्यांना एक चौकटींचा कागद दे. अ पासून ज्ञ पर्यंत सगळे लिहून घे. ळ, ल, श जास्त वेळा. म्हाताऱ्या माणसांकडून आवर्जून घे, कारण वहीतले वळण त्यांच्या पिढीचे आहे. कागद कशासाठी आहे ते आधी सांग, नाव लिहून घेऊ नकोस, शाळकरी मुले असतील तर पालकांना विचार. शिरोरेघ द्या असे मात्र सांगू नकोस, ज्याला जसे सुचेल तसे लिहू दे. घाईत लिहिणारा मराठी माणूस शिरोरेघ बहुधा देत नाही, आणि ती गेली की घ आणि ध, म आणि भ यांच्यातला फरक वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या छोट्याशा वळणावर येऊन ठेपतो. असे जोड्यांचे गोंधळ कन्फ्युजन मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कोणते अक्षर कोणते म्हणून वाचले गेले त्या तक्त्यात, लख्ख दिसतात. ब-व, प आणि पोटफोड्या ष, ड-ङ या जोड्यांवरही नजर ठेव.

पूर्ण ओळी वाचण्यासाठी एकेक अक्षर कापून भागत नाही. तिथे वेगळी पद्धत लागते, सीटीसी नावाची, २००६ मधली. त्यात शब्द न तोडता पूर्ण पट्टी वाचली जाते. क्राकेन हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी चांगले आहे. एखाद्या जुन्या वहीत मोडी निघाली तर तीही त्याला शिकवता येईल. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे. पण ते पुढचे.

या वेळी फक्त एवढे कर: पहिल्या काही पानांचे दोन रकाने वाचून घे आणि त्याचे कन्फ्युजन मॅट्रिक्स व चुकलेल्या चौकटींची चित्रे मला पाठव. कोड नको, चित्रेच पाठव. आणि वह्यांचे फोटो काढताना त्या पूर्ण उघडून दाबू नकोस. शिवण जुनी असते.

तुझा,
काका