मुलीला आकाशवाणीची वार्ताहर व्हायचे आहे

प्रश्न : माझी मुलगी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डाळिंबावरचा तेल्या रोग, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, एसटीची बंद झालेली फेरी, अशा कोणत्याही विषयावर लोकांना बोलते करून ती मोबाइलवर ध्वनिमुद्रण करते. तिला आकाशवाणीची स्थानिक वार्ताहर व्हायचे आहे. एका विषयावर न टिकणाऱ्या मुलीला तिथे भवितव्य आहे का? रेडिओत नोकऱ्या तरी उरल्या आहेत का? – एक पालक, जि. सांगली

उत्तर : मोठ्या शहरातील पत्रकाराकडे बहुधा एखादे खाते, न्यायालय किंवा पक्ष सोपवलेला असतो. जिल्ह्याच्या वार्ताहराकडे अख्खा जिल्हा असतो, त्यामुळे सकाळी जिल्हा परिषदेची सभा, दुपारी अतिवृष्टीचे पंचनामे आणि संध्याकाळी एखाद्या शाहिराची मुलाखत असा त्याचा दिवस जाऊ शकतो. त्यामुळे विषय बदलत राहण्याची मला चिंता वाटत नाही. मी मुलीला एवढेच विचारीन की, एसटीच्या त्या फेरीचे पुढे काय झाले हे पाहायला ती पुन्हा त्या थांब्यावर गेली का? गेली असेल, तर तिला धरसोड करणारी म्हणता येणार नाही.

नोकऱ्यांविषयीची आपली शंका मात्र रास्त आहे. आपल्याकडे खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. आकाशवाणीची वार्तापत्रे त्या जशीच्या तशी ऐकवू शकतात आणि हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल अशी माहिती देऊ शकतात. म्हणजे रेडिओवर बातमीदारीच करायची असेल, तर जवळपास एकच दार उरते, ते प्रसार भारती या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या आकाशवाणीचे. (रेडिओ जॉकीचे काम वेगळे आहे, पण तीच बातमीदारी असे समजून अनेक विद्यार्थी माझ्याकडे येतात.) जिल्ह्यांतून बातम्या पाठवण्यासाठी आकाशवाणी अंशकालीन वार्ताहर नेमते. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा त्याच्या आसपास वास्तव्य आणि पत्रकारितेची पदवी, पदविका किंवा प्रत्यक्ष अनुभव अपेक्षित असतो. प्रादेशिक वृत्तविभागांत वृत्तनिवेदक व अनुवादकांना नैमित्तिक तत्त्वावर काम मिळते आणि त्यासाठी लेखी परीक्षेबरोबर आवाजाची चाचणीही होते. ही कामे कायम नोकरीची नाहीत, केवळ त्यांवर घर चालेल असे गृहीत धरू नये. अनेकजण त्याबरोबर वृत्तपत्र, अध्यापन किंवा अनुवाद करतात. कायम सेवा हवी असल्यास केंद्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भारतीय माहिती सेवेचा मार्ग आहे, पण तिथे बातमीदारीइतकेच प्रशासनही वाट्याला येते.

शिक्षणासाठी पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट किंवा भारतीय जनसंचार संस्थेचे अमरावती केंद्र पाहावे. मात्र कुठेही प्रवेश घेतला, तरी एक गोष्ट तिला स्वतःच घोटवावी लागेल : कानासाठी लिहिणे. वाचक ओळ पुन्हा वाचू शकतो, श्रोता ती पुन्हा ऐकू शकत नाही. 'कोयना धरणाच्या सहा वक्र दरवाजांतून विसर्ग वाढवण्यात आल्याने नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला आहे' हे वाक्य छापील बातमीत चालून जाते. रेडिओवर 'कृष्णाकाठच्या गावांनी सावध राहावे' हे आधी यायला हवे, कारण स्वयंपाक करता करता ऐकणाऱ्या बाईला दरवाजांच्या संख्येशी काही कर्तव्य नसते. विसर्गाचा क्युसेकमधला आकडाही तिला फारसे काही सांगत नाही. पण सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला टेकले आणि धोक्याची पातळी ४५ फूट आहे, एवढे म्हटले की सामान आवरायचे की नाही हे सांगलीकर स्वतः ठरवतो. चांगल्या आवाजाचे कौतुक आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त होते. उच्चार सरावाने सुधारतात, पण कोणती माहिती कोणाला आधी लागेल हे ओळखण्याची सवय लवकर लावलेली बरी.

म्हणून तिने महिनाभर रोज पुण्याहून प्रसारित होणारे सकाळचे प्रादेशिक वार्तापत्र ऐकून लिहून काढावे, आणि त्याच दिवशीच्या वृत्तपत्रातील एक बातमी चाळीस सेकंदांत वाचता येईल अशी पुन्हा लिहावी. सुमारे सत्तर-ऐंशी शब्द पुरतात. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील म्हसवडला 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. तिथे बातम्या नसल्या, तरी ध्वनिमुद्रण, संपादन आणि माणसांशी बोलणे जवळून पाहता येईल. येत्या सुट्टीत तिथे काम करता येईल का, हे तिने स्वतः जाऊन विचारावे. आपण तिच्यासाठी फोन करू नये.