चिकूतला चीक कुणाचा?

प्रश्न असा आलाय: "चिकूच्या झाडाला आणि कच्च्या फळाला चीक असतो म्हणून त्याला चिकू म्हणतात असं लहानपणापासून ऐकत आलोय, पण परवा एकाने सांगितलं की हा ॲझ्टेक लोकांचा शब्द आहे. खरं काय? आणि ते लोक खरंच चिकू खायचे का?"

दुसऱ्या माणसाचं बरोबर आहे. चीक, चिकट, चिकटणं, चिकणमाती ही सगळी आपल्या घरातली मंडळी, त्यांचं संस्कृतमधल्या चिक्कणशी नातं लागतं. चिकू त्या घरातला नाही, तो बाहेरून आलाय आणि नुसता नावात सारखेपणा आहे म्हणून कोणी त्याला जवळचा नातेवाईक समजून बसलंय. याची एक खूण मराठी व्याकरणातच सापडते बघा. आपले जुने ऊकारान्त शब्द घ्या, लाडू, विंचू, गहू, त्यांना प्रत्यय लावला की ते वाकतात: लाडवाचा, विंचवाचा, गव्हाचा. काजू आणि चाकू हे बाहेरून आलेले, ते काही वाकत नाहीत, काजूची उसळ, चाकूची धार. आता चिकूचं काय होतं? चिकूचा मिल्कशेक. चिकवाचा मिल्कशेक असं कोणी म्हणत नाही, म्हटलं तर लोक हसतील. अर्थात एवढ्यावरून निकाल लागत नाही (साधू पण वाकत नाही आणि तो तर अस्सल संस्कृत), पण संशय घ्यायला पुरेसं आहे.

खरा पुरावा शेजाऱ्यांकडे आहे. आपण, गुजराती आणि हिंदीवाले चिकू म्हणतो, तेलुगू-तमिळमध्ये सपोटा म्हणतात, बंगालीत सबेदा किंवा सफेदा. एकाच फळाला ही दोन वेगळीच नावं कुठून आली असं वाटतं, पण ते एकाच शब्दाचे दोन तुकडे आहेत. मेक्सिकोतल्या स्पॅनिशमध्ये या फळाला आजही चिकोसापोते म्हणतात. पुढचा तुकडा आपण घेतला, मागचा तेलुगू-तमिळने आणि बंगालने. आणि ते चिकोसापोते आलं नावात्ल भाषेतून, म्हणजे ज्यांना आपण ॲझ्टेक म्हणतो त्यांच्या भाषेतून. (ते स्वतःला मेशिका म्हणायचे, त्यावरूनच मेक्सिको. ॲझ्टेक हे नाव त्यांच्या अस्तलान नावाच्या दंतकथेतल्या मूळ गावावरून पडलंय आणि ते सगळीकडे रुळलं एकोणिसाव्या शतकात. इथे मी सोयीसाठी ॲझ्टेकच लिहितो.)

नावात्लमध्ये त्सापोत्ल म्हणजे मऊ गराचं गोड फळ, कुठलंही. म्हणजे हे एका फळाचं नाव नव्हतंच, अख्ख्या गटाचं होतं, आणि पुढे काहीतरी जोडून नेमकं फळ सांगायचं. काळं त्सापोत्ल वेगळं, पांढरं वेगळं, आणि त्या पांढऱ्याचं दुसरं नाव कोचित्सापोत्ल म्हणजे झोपेचं त्सापोत्ल, कारण ते खाल्लं की झोप येते असा समज. आजच्या शास्त्राप्रमाणे यांची एकमेकांशी जवळची नाती पण नाहीत, काळं आपल्या तेंदूच्या कुळातलं, पांढरं लिंबू-संत्र्याच्या आणि चिकू तिसऱ्याच. पण बाजारात फळ विकणाऱ्या बाईला त्याच्याशी काय देणंघेणं, मऊ आणि गोड आहे ना, झालं मग.

आता चिको हा तुकडा. इथे दोन मतं आहेत. एक, मूळ शब्द शिकोत्सापोत्ल, यातला शिको म्हणजे शिकोत्ली, जमिनीत पोळं करणारी मोठी मधमाशी, म्हणजे मधासारखं गोड त्सापोत्ल. दुसरं मत असं की तो त्सिक असा आवाज आहे, आणि नावात्लमध्ये त्सिकोआ म्हणजे चिकटणं आणि त्सिक्त्ली म्हणजे (हो, बरोबर ओळखलंत) चघळायचा चीक! दुसरं मत खरं धरलं तर चिकूचा अर्थ खरंच चिकाचं फळ होतो, फक्त तो चीक मराठी नाही, नावात्ल आहे. दोन भाषांमध्ये हजारो मैलांचा समुद्र आणि तरी चिकट गोष्टीला दोघांनीही च-क असा आवाज निवडला, हा निव्वळ योगायोग आहे. असे योगायोग भाषांमध्ये ढिगाने सापडतात, त्यावर कोणी इमले बांधायला लागलं की मी तिथून काढता पाय घेतो. ॲझ्टेक म्हणजे आस्तिक ऋषींचे वंशज असलं काही फॉरवर्ड आलं असेल तर ते सरळ डिलीट करा, अस्तेकात्ल म्हणजे अस्तलानचा माणूस, तेकात्ल हा गाववाला सांगणारा प्रत्यय आहे आणि तो त्यांच्या शेकडो शब्दांत दिसतो. सापोतेक नावाचे लोक आहेत ना दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाकाकडचे, त्यांनाही हे नाव ॲझ्टेकांनीच दिलंय, त्सापोत्लवरून, म्हणजे थोडक्यात चिकूकडचे लोक.

आणि असा घरचा अर्थ चिकटवायचा मोह फक्त आपल्यालाच झालाय असं नाही, स्पॅनिश लोकांनाही झाला. त्यांच्या भाषेत चिको म्हणजे छोटा, त्यामुळे चिकोसापोते म्हणजे छोटं सापोते असं सांगणारे तिकडे पुष्कळ भेटतात. आपलं चीक तसंच त्यांचं चिको.

इथपर्यंत कसा आला? पोर्तुगीजांनी आणला असं सरसकट सांगितलं जातं, अननस आणि काजू तसे आलेत (ते शब्द ब्राझीलच्या तुपी भाषेतले, त्यांना ॲझ्टेकांच्या खात्यात टाकू नका). पण ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये चिकूला सापोती म्हणतात, त्यात चिको कुठेच नाही. चिको हा आवाज जपलाय फिलिपिन्समध्ये आणि मलयमध्ये, तिकडे चिको आणि चिकू. १५६५ पासून १८१५ पर्यंत मेक्सिकोचं आकापुल्को बंदर आणि मनिला यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतं जात-येत होती, त्यातून हे झाड आशियात उतरलं. त्यामुळे माझा कल असा की झाड कोणीही आणलं असो, आपल्याकडचं नाव पूर्वेच्या बाजूने फिरून आलंय.

आता तुमचा दुसरा प्रश्न, खायचे का. त्यांची राजधानी तेनोच्तित्लान, म्हणजे आजची मेक्सिको सिटी, २,२०० मीटरच्या वर आहे, तिथली थंडी चिकूला सोसत नाही, त्यामुळे ही झाडं खाली गरम प्रदेशात, मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याकडे आणि युकातान द्वीपकल्पाकडे. माल वर यायचा माणसांच्या पाठीवरून कारण ओझं वाहणारं जनावर त्यांच्याकडे नव्हतंच. राजधानीला लागूनच असलेल्या त्लातेलोल्कोच्या बाजारात रोज ६०,००० माणसं खरेदी-विक्रीला येतात असं कोर्तेसने, म्हणजे ॲझ्टेकांचं राज्य जिंकणाऱ्या स्पॅनिश सेनापतीने, लिहून ठेवलंय, आकडा जरा फुगवलेला असेलही, पण बाजार प्रचंड होता यात वाद नाही. चिल्लर म्हणून चालायच्या कोकोच्या बिया. १५४५ सालची त्लाश्काला या शेजारच्या नावात्ल बोलणाऱ्या गावची एक दरयादी शिल्लक आहे, नावात्लमध्ये लिहिलेली, म्हणजे स्पॅनिश येऊन पंचवीस वर्षंच झाली होती आणि बाजार अजून बियांवरच चालत होता. तिच्यात एक मोठं सापोते किंवा दोन छोटी एका बीला, मोठा टोमॅटो एका बीला, ताजा तोडलेला ॲवोकॅडो तीन बियांना पण पूर्ण पिकलेला एका बीला, टर्की कोंबडी शंभर बियांना. पिकलेला स्वस्त हे वाचून मला फार बरं वाटलं, संध्याकाळी उरलेला माल काढून टाकायची घाई तिथेही होतीच म्हणायची. आणि बियांच्या चिल्लरीत पण भेसळ चालायची, साल काढून आत मेण नाहीतर पीठ भरायचं.

पण फळापेक्षा चिकाचीच गोष्ट जास्त रंगतदार आहे. बेर्नार्दिनो दे साहागुन नावाच्या एका पाद्रीबुवांनी सोळाव्या शतकात जुन्याजाणत्या ॲझ्टेक लोकांना विचारून विचारून बारा भागांचा एक प्रचंड ग्रंथ तयार केला, एका बाजूला नावात्ल दुसऱ्या बाजूला स्पॅनिश, मध्ये चित्रं, सध्या तो फ्लॉरेन्सला आहे. त्याच्या दहाव्या भागात त्सिक्त्ली विकणाऱ्याचं वर्णन करता करता कोणी कसं चघळावं याची अख्खी आचारसंहिताच येते. लग्न न झालेल्या मुलींनी चारचौघांत चघळलं तर चालतं. लग्न झालेल्या बायका आणि विधवा पण चघळतात, तोंडाचा वास जावा म्हणून, पण लोकांसमोर नाही, घरात. पुरुषांनी दात साफ करायला चघळायचं ते एकदम गुपचूप, कारण उघड चघळणारा पुरुष बायकी ठरायचा. आणि बाजारात दात रंगवून फिरणाऱ्या बायका, म्हणजे वेश्या, मात्र चघळताना मुद्दाम चटक चटक आवाज काढत जायच्या. मला यात सगळ्यात आवडतो तो हा आवाजाचा तपशील, कारण पुढे पाचशे वर्षांनी शाळेत च्युइंगमवरून पडणाऱ्या ओरड्याचं मूळ तेच, चघळण्याचं कोणाला काही नसतं, आवाजाचं असतं.

एक सावधगिरी मात्र हवी: प्रत्येक त्सिक्त्ली चिकूच्या झाडाचं नव्हतं. समुद्रकिनाऱ्यावर वाहून येणारं डांबरासारखं चापोपोत्ली आणि एका किड्यापासून काढलेली पिवळी चरबी मिसळून पण ते करायचे, आणि झाडाचा चीक वेगळा. स्पॅनिशमध्ये त्सिक्त्लीचं चिक्ले झालं, आणि १८७० च्या आसपास सांता आना नावाच्या हद्दपार मेक्सिकन जनरलकडून न्यूयॉर्कच्या थॉमस ॲडम्सकडे हा माल पोचला. त्यातून रबर होतंय का बघत होते, ते काही जमलं नाही, मग त्याने चघळायच्या गोळ्या करून विकल्या, १८७१ मध्ये ते बनवायच्या मशीनचं पेटंट पण घेतलं. आजच्या च्युइंगमचं घराणं तिथून सुरू होतं, जरी आता आत बहुतेक वेळा कृत्रिम रबरच असतं.

एकूणच या लोकांच्या धर्मात झाडाच्या चिकाला मोठा मान होता. उल्ली म्हणजे रबर, त्याच्या थेंबांची नक्षी उडवलेले कागद पावसाच्या त्लालोक देवाला वाहायचे. कोपाल्ली म्हणजे धूप, तो शब्द आपल्याकडे कोपल म्हणून रंगवाल्यांच्या दुकानापर्यंत आलाय. खंडणीच्या यादीत तोच्तेपेकच्या भागाकडून १६,००० रबराचे गोळे येणं लिहिलंय, कारण खेळायला चेंडू आणि देवाला थेंब दोन्हीला ते लागायचं. आणि एक देवी होती, त्सापोत्लातेनान, सरळ अर्थ करायचा तर त्सापोत्लानची आई, चिकूच्या गावची आई म्हणा हवं तर. तिने पहिल्यांदा ओशित्ल नावाचं राळेचं औषधी मलम काढलं असं मानायचे, डोक्यातल्या खरजेवर, बसलेल्या घशावर, फुटलेल्या टाचांवर लावायचं, आणि तिचा उत्सव करायचे ते हे मलम विकणारे लोक.

अशी गावांची नावं लिहायचे कशी तेही सांगतो कारण ही लिपी बघण्यासारखी आहे. त्लान म्हणजे अमुक गोष्टीचं ठिकाण, आणि त्लान्त्ली म्हणजे दात. मग आवाज सारखा आहे ना, काढा दात. आवाकात्लान म्हणजे ॲवोकॅडोचं गाव, तर चित्रकाराने ॲवोकॅडोचं झाड काढलंय आणि खोडावरच दातांची ओळ, झाड दात विचकून हसतंय असं वाटतं. १५४० च्या आसपासच्या मेंदोसा कोडेक्स नावाच्या चित्रांच्या पोथीत अशी पानंच्या पानं आहेत. लिहिणारा आणि रंगवणारा यांना शब्द एकच, त्लाकुइलो.

राहता राहिलं शास्त्रीय नाव, कारण कोणीतरी विचारणारच. मानिल्कारा झापोटा. त्यातलं झापोटा नावात्ल आणि मानिल्कारा मल्याळम, केरळकडच्या एका भावकीतल्या झाडाच्या स्थानिक नावावरून घेतलेलं. आणि आपल्याकडे चिकूची कलमं बांधतात ती याच भावकीतल्या खिरणीच्या खुंटावर, घोलवड-डहाणूच्या वाड्यांमध्ये कालीपत्ती या चिकूच्या जातीची झाडं बघाल तर खाली खिरणी आणि वर मेक्सिको असा प्रकार असतो.

लिहिताना चिकू लिहा. चिक्कू असंही ऐकू येतं, विशेषतः कर्नाटक-गोव्याच्या बाजूला, तेही चूक नाही. अनेकवचन चिकूच, चिकवे वगैरे करू नका.