शिक्रा आणि बहिरी ससाण्यापासून होमर कबुतरं कशी वाचवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की डोंबिवलीत टेरेसवर ढाबळ (कबुतरांचं घर) आहे, होमर (लांब नेऊन सोडलं तरी घरी परतणारी रेसची कबुतरं) पाळलेत, दिवाळी झाल्यापासून पक्षी जायला लागलेत, दोन तर तुमच्या डोळ्यांदेखत पत्र्यावर धरले, तिसरा कसाऱ्याहून सोडला तो आलाच नाही, आणि आता कोणी म्हणतंय जाळं लावून ससाणा धरा, कोणी म्हणतंय कबुतरं सोडणंच बंद करा. आमच्याकडे कल्याणला वडिलांपासून ढाबळ आहे, त्यामुळे आभाळाकडे बघत जीव कसा वरखाली होतो ते मला चांगलं माहितीये. अंड्यापासून वाढवलेलं, रिंग घातलेलं, पहिल्या टॉसवरून (सरावासाठी लांब नेऊन सोडणं) परत आलेलं पाखरू डोळ्यासमोर जातं तेव्हा दोन दिवस जेवण गोड लागत नाही.

तर सरळ उत्तर आधी देतो. ससाण्याचं तुम्ही काही करू शकत नाही आणि करायचंही नाही. बदलायचं ते तुमचं टाइमटेबल, ढाबळीची तोंडं आणि कुठलं पाखरू कधी बाहेर काढायचं तो निर्णय. एवढं नीट केलं की नुकसान पूर्ण थांबत नाही पण खूप कमी होतं. एकही पक्षी जाणार नाही अशी गॅरंटी देऊन कोणी काही विकत असेल तर पैसे देऊ नका.

पहिलं काम म्हणजे नेमकं कोण मारतंय ते ओळखा, कारण उपाय त्यावर आहे. पत्र्यावर किंवा टेरेसच्या कठड्यावर बसलेल्या कबुतरावर झडप पडली असेल तर तो बहुतेक शिक्रा. आखूड गोलसर पंख, लांब शेपटी, छातीवर विटकरी रंगाच्या आडव्या बारीक रेषा, दोन-चारदा पंख मारतो मग तरंगतो, परत पंख मारतो. तो आभाळातून येत नाही, शेजारच्या गुलमोहरात नाहीतर नारळाच्या झावळीत गप्प बसून राहतो आणि बिल्डिंगच्या आडून खालून येतो, म्हणून आपल्याला आणि कबुतरांना दोघांनाही उशिरा दिसतो. त्याचं स्वतःचं वजन पाव किलोच्या आसपासही मुश्किलीने जातं आणि तुमचा होमर चारशे ग्रॅमच्या वर, त्यामुळे मोठं कबुतर उचलून लांब नेणं त्याला जमत नाही, तिथेच दाबून बसतो. म्हणजे तुम्ही जवळ असाल तर ओरडत धावलात तरी पुष्कळदा सोडून देतो. पिल्लं मात्र तो सहज संपवतो. सरडे, उंदीर, छोटे पक्षी हे त्याचं रोजचं खाणं, कबुतर म्हणजे मोठी चैन, पण एकदा एखाद्या जागी जमलं की त्याच जागी, साधारण त्याच वेळेला परत येतो.

थवा वर फिरत असताना अचानक फुटला, सगळे चारी दिशांना गेले आणि एक कमी झाला तर तो बहिरी ससाणा. टोकदार लांब पंख, डोकं काळपट, गालावर मिशीसारखा काळा पट्टा. हा वरून सूर मारतो, सुराचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो, तिथे आपला होमर ताशी सत्तर-ऐंशीने उडणारा काय करणार. उत्तरेकडचे बहिरी हिवाळ्यात आपल्याकडे येतात, साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, आणि उंच टॉवर, चिमण्या, मोबाईलचे मनोरे असल्या जागा त्यांना कड्यासारख्याच वाटतात. तुमचं नुकसान दिवाळीनंतर सुरू झालं याचं मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही, आपला रेसिंगचा सीझन आणि त्याचा मुक्काम एकाच वेळी पडतो. घारीला मात्र उगाच बदनाम करू नका, ती आजारी किंवा जखमी पाखरू उचलेल, धडधाकट होमरच्या मागे ती लागत नाही.

समोर काही दिसलं नाही आणि सकाळी नुसती पिसं सापडली तर झाडून टाकायच्या आधी हातात घेऊन बघा. पिसाची दांडी मुळापर्यंत शाबूत, स्वच्छ उपटलेली, सगळी पिसं एकाच जागी गोल पसरलेली असतील तर शिकारी पक्षी. दांडी मधेच चावून तुटलेली, पिसं थुंकीने ओली होऊन चिकटलेली असतील तर ते मांजर आहे आणि मग तुमचा प्रॉब्लेम ढाबळीच्या दाराचा आहे, आभाळाचा नाही. रात्री गेलेल्या पाखरासाठी शिक्र्याला दोष देणारे बरेच जण बघितलेत, शिक्रा रात्री शिकार करत नाही.

आता शिक्र्याचं. लागोपाठ दोनदा झडप पडली असेल तर आठ-दहा दिवस एकही पाखरू बाहेर काढू नका. कबुतरांचं त्यात काही बिघडत नाही, थोडी जाड होतील, दाणा कमी करा. शिक्र्याला रोज येऊन काही मिळालं नाही की तो दुसरीकडे बघतो. त्यानंतर सोडाल तेव्हा वेळ रोज वेगळी ठेवा. आपल्याला नोकरीमुळे सकाळी सात म्हणजे सात अशी सवय असते आणि शिक्र्यालाही नेमकी तीच वेळ पाठ होते. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी दुपारी, एखाद दिवशी नाहीच, असं करा.

सगळ्यात जास्त पक्षी उडताना नाही, उडून आल्यावर जातात, हे नीट लक्षात घ्या. पत्र्यावर बसून ऊन खाणारं, पंख पसरून लोळणारं, नर घुमतोय मादी फिरतेय असलं निवांत चाललेलं कबुतर हेच शिक्र्याला हवं असतं. म्हणून उडवायच्या आधी पोटभर दाणा घालायचा नाही, थोडं भुकेलं असू द्या, आणि उतरल्यावर शिट्टी मारून किंवा डब्यात दाणे खुळखुळवून लगेच आत घ्यायची सवय लावा. आत जायचा ट्रॅप असा हवा की दोन पाखरं एकदम शिरतील आणि मागे फिरून बाहेर येता येणार नाही. आमच्या ढाबळीत आधी एकच अरुंद तोंड होतं, तिथे लाइन लागायची, ते रुंद केल्यावर थवा उतरून आत जायला जो वेळ लागायचा तो निम्म्याहून कमी झाला. बाहेर ऊन खायला जागा हवीच असेल तर जाळीचा पिंजरा ढाबळीला जोडून घ्या, वरती पत्रा किंवा जाड शेडनेट, बाजूला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी. मोठ्या भोकाची जाळी नको, शिक्रा बाहेरून जाळीला लटकून आतल्या पाखराचा पाय नाहीतर पंख धरतो आणि ओढतो, ते बघवत नाही.

पिल्लांना तर पहिले काही दिवस याच पिंजऱ्यातून बाहेरचं जग दाखवा, त्यांना आजूबाजूच्या बिल्डिंगा कळल्या, ट्रॅप कळला की मगच उघडा. पीस गाळत असलेलं, आजारातून उठलेलं, अंड्यावर आलेली मादी, यांना बाहेर काढू नका. शिकारी पक्षी थव्यातलं जे जड उडतंय, मागे पडतंय तेच निवडतो. थवा एकसारख्या ताकदीचा असू द्या. २०२१ साली ग्रोनिंगेन आणि लंडनकडच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, त्यांनी होमरच्या थव्यामागे ससाण्यासारखा दिसणारा रोबोट उडवला. आपल्याला वाटतं घाबरल्यावर प्रत्येक जण मधे घुसायला बघत असेल, पण तसं झालं नाही, कबुतरं शेजारच्याची दिशा धरून सगळी मिळून वळत होती. मला यातून एवढं कळतं की रोज एकत्र उडणारा, एकमेकांची सवय असलेला थवा फोडायला अवघड. नवीन विकत आणलेली चार पाखरं घाईने त्यात घालू नका.

अजून एक फुकटचा उपाय म्हणजे कान उघडे ठेवा. सोडायच्या आधी दहा मिनिटं टेरेसवर नुसते उभे राहा. कावळे एका झाडाभोवती गोळा होऊन बोंबलत असतील, खार शेपूट उडवत सारखी चिक-चिक करत असेल, सातभाईंचा कलकलाट एकदम वाढला असेल तर त्या झाडात कोणीतरी बसलंय. त्या दिवशी दार उघडू नका. आणि जवळपास कोतवालाचं घरटं असेल तर तुम्ही नशीबवान आहात, एवढासा काळा पक्षी पण शिक्र्याच्या डोक्यावर टोचत त्याला पार दोन गल्ल्या लांब नेऊन सोडतो.

बहिरीचं अवघड आहे, खोटं कशाला सांगू. तो घिरट्या घालताना दिसला तर थवा उडवू नका, एखाद्या टॉवरवर त्याने मुक्कामच केला असेल तर डिसेंबर-जानेवारीत घरचं उडवणं कमी करा आणि पाखरांना रोड टॉसवर फिट ठेवा. एका लाइनवर सरळ घरी येणारं पाखरू घरावर तासभर घिरट्या घालणाऱ्या पाखरापेक्षा कमी वेळ त्याच्या नजरेत राहतं.

आता तुमच्या कसाऱ्याबद्दल. कसारा-इगतपुरीची लाइन सोपी वाटते, लोकलने पिंजरा नेता येतो, पण घाटाचे कडे म्हणजे शाहीन ससाण्याचं घर आहे. शाहीन हा बहिरीचाच इथला रहिवासी भाऊबंद, अंगाने थोडा लहान, पोटाकडून तांबूस, आणि तो हिवाळा संपला म्हणून कुठे जात नाही, उलट डिसेंबर ते एप्रिल हा त्याचा विणीचा काळ, म्हणजे पिल्लांसाठी शिकार जास्त. घाटात वारा समोरून असला की कबुतर खाली, दरीला धरून, दमत उडतं, आणि वर कड्यावर तो बसलेला. मी तरुण पाखरं आसनगावपर्यंतच नेतो, ते हवेतून तीसेक किलोमीटर पडतं. पुढचं अंतर वाढवायचं तर पालघर, डहाणू, वापी या सपाट किनाऱ्याच्या बाजूने. तुमच्या रेसची लाइनच नाशिककडची असेल तर घाट टाळता येणार नाही, मग निदान एकेकटं सोडू नका, ग्रुपने सोडा, आकाश स्वच्छ असताना, ऊन वर आल्यावर सोडा, आणि पिंजरा उघडायच्या आधी अर्धा तास कडे बघून घ्या. वारा समोरून असेल तर पिंजरा तसाच परत आणा, तिकिटाचे पैसे गेले तर गेले.

सीडी टांगणं, चमकणारी पट्टी, प्लास्टिकचं घुबड, हे सगळं थोडे दिवस चालतं, मग शिक्रा त्याच घुबडाशेजारी बसतो. लावायचं तर जागा सारखी बदला. पायात घुंगरू बांधणारे आहेत, रेसच्या पाखराला मी बांधणार नाही, वजन आणि अडकण्याची भीती. चीनमध्ये शेपटीच्या पिसांना बांबू-भोपळ्याच्या हलक्या शिट्ट्या बांधायची जुनी पद्धत आहे, आवाजाने ससाणा दूर राहतो असं मानतात, ऐकायला छान आहे पण रेसमध्ये त्याचा उपयोग नाही. रंगाबद्दल मात्र एक गोष्ट खरी आहे. २००५ साली ‘नेचर’मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस शहराचा अभ्यास छापून आला, तिथल्या कबुतरांत कमरेवर पांढरा पट्टा असलेली साधारण २० टक्के होती पण बहिरीने मारलेल्यांत ती फक्त २ टक्क्यांच्या आसपास. मग त्यांनी पांढरी पिसं काढून दुसऱ्या रंगाच्या कबुतरांना लावली तर फायदा पिसांबरोबर गेला. सूर मारणाऱ्या ससाण्याला ऐनवेळी कबुतर वळतंय ते त्या पांढऱ्यामुळे नीट कळत नाही असं त्यांचं म्हणणं. आपल्या रस्त्यावरच्या पारव्यांची कंबर बहुतेक राखाडीच असते, पण निळ्या होमरमध्ये हा पांढरा पट्टा चांगला दिसतो. म्हणून पाखरं रंगवत बसू नका, पण जोड्या लावताना दोन सारखी चांगली पाखरं असतील तर मी पांढऱ्या कमरेचं घेईन.

जाळं, गलोल, फटाके, आणि कोणीतरी तुम्हाला कबुतराला विष लावायचं सांगितलंय म्हणता, त्यातलं काहीही करू नका, हात जोडून सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पकडणं, जाळं लावणं, विष घालणं हे सगळं शिकारीतच धरतात. बहिरी ससाणा शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, शिक्षा तीन ते सात वर्षं. ते विष मग कावळा खातो, मांजर खातं, एखाद्या पोराच्या हाताला लागतं. आणि उपयोग शून्य, कारण एक हटला की ती मोकळी जागा दुसरा घेतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने सैन्याची कबुतरं वाचवायला १९४० मध्ये बहिरी मारायचा हुकूमच काढला होता, सहाशेच्या आसपास मारले, युद्ध संपल्यावर ते परत वाढलेच. त्यांना खरा फटका बसला तो पुढे डीडीटी या कीटकनाशकाने. ज्याच्या वेगामुळे आपले होमर असे घडले, तोच आपण संपवायचा हे मला पटत नाही, आणि कबुतरं पाळणाऱ्यांचं नाव खराब होतं ते वेगळंच.

पाखरू जखमी होऊन आलं तर वरून ठीक दिसलं तरी पाठीवरची आणि पंखाखालची पिसं बाजूला करून बघा, नखांची भोकं बारीक असतात पण खोल जातात आणि दोन दिवसांत पिकतात. कोमट मिठाच्या पाण्याने धुवा, अंधाऱ्या उबदार खोक्यात ठेवा, लगेच दाणा घालू नका. पाणी प्यायल्यावर गळ्याखालून पाणी झिरपताना दिसलं तर दाण्याची पिशवी फाटलीये, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, टाके घातले की बहुतेक वाचतं. अँटिबायोटिक मनाने देऊ नका. शेपटीची पिसं मुळासकट गेली असतील तर महिना-दीड महिन्यात नवी येतात, अर्धी तुटली असतील तर पुढच्या पीसगळीपर्यंत तशीच राहतात, तोवर लांबचा टॉस नको. आणि कधी शिक्राच ढाबळीत शिरून अडकला तर आधी कबुतरं दुसऱ्या कप्प्यात घ्या, दार सताड उघडून लांब व्हा, तो स्वतः निघतो, जखमी असेल तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.

तुमच्या तिसऱ्या पाखराची आशा इतक्यात सोडू नका. ससाण्याने फोडलेल्या थव्यातली पाखरं घाबरून कुठेतरी एक-दोन दिवस दबून बसतात, कधी दुसऱ्याच्या ढाबळीत उतरतात. दिवसा ट्रॅप उघडा ठेवा, आत पाणी ठेवा, आणि आसनगाव-शहापूरकडे कोणाच्या ढाबळी आहेत त्यांना रिंगचा नंबर आजच कळवा.