आधी नळावर जाऊन बस

प्रिय पोरी,

भिंतीवर रंगवायच्या चित्राचं तुझं स्केच मिळालं. रेघेत दम आहे. बाईच्या मोकळ्या केसांतून उडणारे बगळे, खाली पसरलेलं शहर, कोपऱ्यात तुझी सही. सही जरा जास्तच सुबक आलीय, तिचाही सराव झालेला दिसतो! सोबत दोन प्रश्न पाठवलेस: स्वतःची शैली कशी सापडते, आणि भिंती रंगवून पोट भरतं का. त्या भिंतीसमोर राहतं कोण, हे मात्र चार पानांच्या पत्रात कुठेच आलेलं नाही.

तुला जूडी बाकाबद्दल सांगतो. लॉस एंजेलिसची चित्रकार, जन्म १९४६. स्वतःला चिकाना म्हणवते. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन लोकांना हिणवायला वापरला जाणारा चिकानो हा शब्द साठच्या दशकात त्याच लोकांनी अभिमानाने आपलासा केला. चिकाना हे त्याचं स्त्रीलिंगी रूप. लहानपण आजी, आई आणि मावश्या अशा बायांच्याच घरात गेलं. शाळेत स्पॅनिश बोलायला बंदी आणि इंग्रजी धड येईना, म्हणून बाई तिला कोपऱ्यात रंग देऊन बसवायच्या. बाकीची मुलं शिकायची, ही चित्रं काढायची. शिक्षकी पेशात मी ही गोष्ट अनेकांना सांगितली, आणि दर वेळी कुणीतरी म्हणतं, ‘म्हणजे बरंच झालं की!’ बरं कसलं? मूल बाजूला काढून ठेवलं होतं.

पुढे ती शिक्षिका झाली. व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध केला म्हणून नोकरी गेली. मग शहराच्या उद्यान खात्यात मुलांना चित्रकला शिकवायचं काम मिळालं, बॉइल हाइट्स भागात. तिथल्या बागेत एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्यांची पोरं पत्ते कुटत बसलेली असायची. त्यांनी भिंतींवर मारलेल्या खुणा, अंगावरची गोंदणं हे सगळं तिनं आधी वाचायला शिकून घेतलं. १९७० मध्ये चार टोळ्यांतली वीसेक पोरं गोळा करून हॉलेनबेक पार्कमधल्या उघड्या रंगमंचावर तिनं आजी रंगवली. हात पसरलेली, जवळ घेणारी आजी. काम चालू असताना आजूबाजूला पहारेकरी उभे असायचे. विरोधी टोळी किंवा पोलीस येताना दिसले की इशारा करायचे. परवानगी काढलेलीच नव्हती. तक्रारी आल्या, नगरपालिकेचा माणूस काम थांबवायला आला आणि एरवी एकमेकांवर धावून जाणारी पोरं एकाच भिंतीशी खपताना पाहून परवानगी मिळाली. (तू हे करू नकोस. आपल्याकडे आधी लेखी घे, शिक्क्यासकट.)

आता मुख्य भिंत. सॅन फर्नांडो खोऱ्यात तुहुंगा वॉश नावाचा ओढा होता. पूर आवरण्यासाठी अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी त्याचा काँक्रीटचा कालवा करून टाकला. त्याच्या सुशोभीकरणासाठी सत्तरच्या दशकात त्यांनी बाकाला बोलावलं. ती खाली उतरून बघते तर सरळसोट उभी भिंत आणि वाहून गेलेल्या नदीची जागा. त्या काँक्रीटला ती व्रण म्हणते, आणि तिथल्या चित्राला नदीच्या व्रणावरचं गोंदण.

काम १९७६ ते १९८३ अशा पाच उन्हाळ्यांत झालं. उन्हाळ्यातच, कारण पावसाळ्यात कालवा आपलं काम करणार. लांबी २,७५४ फूट, म्हणजे अर्धा मैल. चारशेहून जास्त पोरापोरींनी रंगवलं, त्यांतली कित्येक बालगुन्हेगारी खात्याकडून आलेली, आणि त्यांना कामाचा पगार होता. फुकट राबवून ‘लोकसहभाग’ म्हणणाऱ्यांना हे मुद्दाम वाचून दाखव.

ब्रश हातात घेण्याआधी इतिहासाचे अभ्यासक यायचे, म्हातारी माणसं आपल्या आठवणी सांगायची, पोरं ऐकायची, भांडायची. त्या भांडणातून आलेली चित्रं बघ. तीसच्या दशकात गाड्यांत भरून मेक्सिकोला धाडलेली कुटुंबं. छावण्यांत डांबलेले जपानी अमेरिकन. १९४३ मध्ये खलाशांनी कपडे फाडून रस्त्यावर पाडलेला झूट सूटवाला, म्हणजे लांब कोट आणि ढगळ पँट घालणारा, तरुण. मला सगळ्यात छळतो तो पन्नाशीच्या दशकाचा तुकडा. महामार्ग अजगरासारखे वेटोळे घालत घरातल्या माणसांना एकमेकांपासून तोडताहेत, आणि वर आकाशातून डॉजर स्टेडियम, बेसबॉलचं मैदान, उडत्या तबकडीसारखं उतरतंय. खरोखर चावेझ रविन नावाची वस्ती उठवली होती तिथे. १९५९ मध्ये शेवटच्या माणसांना पोलिसांनी उचलून बाहेर काढलं, १९६२ मध्ये मैदान सुरू झालं. तो अजगर कुणाच्या ‘शैली’तून आलेला नाही. ज्यांच्या अंगणातून रस्ता गेला त्यांना तो तसाच दिसला असणार.

शैलीचं बोलायचं तर, पहिल्या उन्हाळ्यात वेगवेगळ्या चित्रकारांनी आपापले तुकडे केले आणि ते तसेच सुटे दिसतात. नंतर, १९७७ मध्ये, बाका मेक्सिकोत कुएर्नाव्हाकाला, तिथला थोर भित्तिचित्रकार सिकेइरोस याच्या कार्यशाळेत जाऊन शिकून आली. तिशी ओलांडलेली, नाव झालेलं, तरी पुन्हा विद्यार्थिनी. पुढचे तुकडे नदीसारखे एकात एक वाहतात.

माझीही एक फजिती ऐक. उमेदीच्या काळात आम्ही एका वस्तीत नळाशेजारच्या भिंतीवर ‘पाणी वाचवा’ रंगवलं. थेंब, पृथ्वी, दोन हात, सगळा सरंजाम. हंडा भरत असलेली एक बाई मान वर करून म्हणाली, ‘येऊ तर दे, मग वाचवू.’ तिथे दिवसाआड अर्धा तास पाणी यायचं. मी परांचीवरून खाली उतरलो तो थेट चहाच्या टपरीवर. ते चित्र पूर्ण केलं, त्याची लाज अजून वाटते.

आणि चित्र टिकेल का म्हणशील, तर भरवसा धरू नकोस. याच लॉस एंजेलिसमध्ये सिकेइरोसनं १९३२ मध्ये क्रुसावर खिळलेला मूळनिवासी रंगवला, तर त्यावर चुना फासला गेला. लोकांना पुन्हा पाहायला मिळाला २०१२ मध्ये. बाकानं १९८४ च्या ऑलिम्पिकसाठी महामार्गावर स्त्री धावपटू रंगवली होती. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन प्रथमच झाली ते वर्ष. २०१९ मध्ये ती रंगाखाली गेली. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे, आपल्या कलाकृतीची मोडतोड झाली तर कलाकाराला दाद मागता येते ते, वाचून ठेव. अमरनाथ सेहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवलं गेलं. न्याय मिळाला २००५ मध्ये. म्हणून आज रंगवलंस की आजच नीट फोटो काढ, करारात ‘पुसण्याआधी कळवणे’ हे वाक्य घाल.

पोटाचं उत्तर छोटं आहे: बाकानंही विद्यापीठात शिकवलं, वर्षानुवर्षं. राष्ट्रीय कलापदक मिळालं २०२३ मध्ये, सत्तरी केव्हाच उलटल्यावर. तू बीएड करत्येस ते सोडू नकोस.

तुझ्या भिंतीच्या फोटोत डाव्या बाजूला, खालून तीन फुटांपर्यंत ओल चढलेली दिसते. पोपडे खरवडून, ओल कुठून येते ते शोधल्याशिवाय प्रायमर लावू नकोस, पहिल्याच पावसात बगळे गळून पडतील. त्याच फोटोत उजवीकडे नळ आहे आणि रिकाम्या हंड्यांची रांग. पुढचे चार शनिवार सकाळी सहाला तिथे जाऊन बस. वही नेऊ नकोस, माणसं बोलायची थांबतात.

तोवर स्केच माझ्याकडेच राहू दे. पोर्टफोलिओला लागलं तर मागून घे.

तुझा,
सर